सहाला दोन खिळे

पुएर्तो अल्मादाच्या किनाऱ्यावर
रेल्वे कंपनीच्या साहेबांनी १९११ साली
वाळूच्या टेकड्यांत अठरा खड्डे खणले
आणि बक्षीस म्हणून ठेवला
मोडीत निघालेल्या इंजिनाचा कंदील.
चांदी परवडली नाही म्हणे.
आता त्याच कंदिलासाठी तीन खंडांतून खेळाडू येतात.
ज्याला मिळतो तो पेटवून बघतो,
काच काजळते, टाळ्या पडतात.

एवढा इतिहास क्लबच्या जाड पुस्तकात आहे.
एउलालियाकडे आहे तो पत्र्याचा.

मालडब्यांच्या पत्र्यातून कापलेले आकडे
ती गव्हाच्या पोत्यात ठेवते.
आजोबांच्या वेळचे पाच आणि सहा पार झिजलेत;
तेव्हा सगळे तसेच खेळायचे,
पिशवीत चार काठ्या, पोटात भाजलेलं मटण.
वडिलांच्या काळात चार पुरेनात.
हिच्या हयातीत तीन.
खेळ किती सुधारला विचारा,
ती बोटांवरचे पत्र्याचे ओरखडे दाखवते.

सेहेचाळीस साली टोळ आले,
हिरवळी खाऊन गेले, खांबांवरची निशाणंसुद्धा कुरतडली.
स्पर्धा झालीच नाही.
आजोबांनी तरीही फळा धुतला
आणि अठरा शून्यं लावली.
कुणीतरी विचारलं, कुणाचे?
म्हणाले, टोळांचे. त्यांनी एकही फटका वाया घालवला नाही.

आणि मग अठ्ठावन्न.

बेलिसारियो उगार्ते, सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिलेला,
उसन्या बुटांत कागद कोंबून खेळत होता.
जिंकला असता तर कंदील त्याला
स्वयंपाकघराच्या दाराने द्यावा लागला असता,
कारण दिवाणखान्यात कॅडी चालत नसत.
समितीची त्यावर दोनदा बैठक झाली होती.

डोमिंगो किर्वनचा खेळ आटोपला होता. चार दिवसांचे २७६.
सतराव्यावर उभ्या उगार्तेने
अर्ध्या मैलावरून फळा वाचला:
२७९.
त्याने मनात तीन फटक्यांची शिल्लक मांडली,
ओढ्यापलीकडे मारलं नाही, अलीकडेच थांबला,
धीराने, शहाण्यासारखा,
आणि २७७ वर संपला.

त्यांच्या लिपीत सहा उलटा फिरला की नऊ होतो.
मधोमध एकच खिळा होता, वाऱ्याने फिरवला,
वडील म्हणाले. मरेपर्यंत तेच म्हणाले.
माझ्या भाषेत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर;
तिथे नऊ खड्ड्यांचं पार छत्तीस, साधा हिशेब.
मी तिला हे सांगितलं तेव्हा
ती पहिल्यांदा हसली, मग हसली नाही.

क्लबच्या जिन्यात त्या संध्याकाळचा फोटो आहे.
किर्वन, कंदील, समितीचे सात जण,
आणि मागे अठराव्याचं निशाण
काठीला चिकटून, ओल्या रुमालासारखं खाली.
एउलालिया बोट लावत नाही.
फक्त म्हणते, आमच्याकडे वारा संध्याकाळी पडतोही.

उगार्ते पुन्हा आला नाही.
यार्डात सांधेवाल्याचं काम करत राहिला,
पोरांना रुळांमधल्या खडीवर चेंडू मारायला शिकवायचा,
कुणी स्पर्धेचं काढलं तर
डब्यांचे नंबर मोठ्याने मोजू लागायचा.

ब्याण्णव साली गाडी बंद झाली.
स्टेशनात शेळ्या बसतात, खेळाडू बसने येतात,
स्पर्धेच्या नावात रेल्वे तेवढी राहिली.
सातवा खड्डा दर हिवाळ्यात थोडा समुद्रात जातो.
विजेचा फळाही आलाय, प्रवेशद्वाराशी, कुणी बघत असेल.

सतराव्यावरून मात्र अजून हाच दिसतो.

यंदा एउलालियाने भाचीला, रामोनाला, शिडीवर चढवलं.
पोरीने विचारलं, आधी काय शिकू?
तिने पोत्यात हात घातला,
न बघता बरोबर तोच पत्रा काढला,
आणि एप्रनच्या खिशातून
एक खिळा वरचा,
एक खालचा.