चौथा खर्डा

‘असह्य’ हा शब्द ते आधी खोडतात.
टॉलेफसनसाहेब, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन:
“असह्य सगळ्यांचंच असतं, इर्मा. तारीख लिही.”

लिहिते. चौदा जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं,
डुलुथ, उतारावरचा चौक.
सिग्नल तिच्या बाजूनं हिरवा.
पावाच्या गाडीचा ड्रायव्हर फोनमध्ये मान घालून.
पोलीस अहवाल, जोडपत्र एक.

ओडेट लिंडक्विस्ट, वय एकोणसाठ,
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं.
उजवं मनगट. दोन पट्ट्या, सात स्क्रू.
एक्स-रे उजेडापुढे धरून मी मोजले,
मग साहेबांनी मोजले.
“एक जरी चुकला ना,
तर ओमाहातला तो माणूस बाकीचे सहाही खोटे धरेल.”

ओमाहातला माणूस. विमा कंपनीचा.
फक्त आवाज माहीत आहे, थोडा सर्दट.
एका फाइलला त्याच्याकडे बारा मिनिटं.
“त्याला शिव्या नकोत, कारण दे.
वरच्या साहेबाला दाखवता येईल असं.”

आणि व्यायामाच्या चार भेटी ती चुकली, तेही लिही.
त्यांना सापडण्याआधी आपणच.
त्या महिन्यात तिची बहीण गेली.
एवढंच. विशेषण नको.

दुपारी तिला फोन केला:
आता काय काय जमत नाही?
बराच वेळ नुसती फ्रीजची घरघर.
मग म्हणाली, “बरण्या.
झाकण फिरत नाही. हारल्ड उघडून देतो,
पण सवयीनं परत आवळूनच लावायचा.
आता सगळी सैल ठेवतो.
घरभर मुरवलेल्या माशांचा वास.”
हसली. मी नाही.

लाल पेन त्या ओळीवर आलं,
थांबलं,
पुढच्या ओळीतला स्वल्पविराम दुरुस्त करून गेलं.

आकडा: एक लाख सत्याऐंशी हजार चारशे बारा डॉलर.
गोल करायचा नाही. गोल आकडा म्हणजे अंदाज,
आणि अंदाजाशी घासाघीस होते.
ती तशीही होणारच आहे.
उत्तर तीस दिवसांत अपेक्षित.

पोस्टात खिडकीपलीकडची बाई
पाकीट तोलत, न बघता विचारते,
दिवसभर सगळ्यांना विचारते तसं:
नाजूक, पातळ, नासणारं, पेट घेणारं
काही आहे का आत?

नाही, म्हणते मी.
कागद आहेत.