तारण

केप्याच्या बाजारात, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी एकच शब्द लिहितो आहे:
तारण.
तारण एक साखळी, दोन तोळे, कडी झिजलेली.
तारण चार काकणं, त्यातलं एक पिचकलेलं.
रविवारी उपासनेत हाच शब्द गातो
आईनं वेंगुर्ल्याहून आणलेल्या गीतपुस्तकातून,
सोमवारी इथं रकान्यात भरतो.
दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

आंबावलीची क्लेमेंतीन फुर्ताद
सुक्या सुंगटांची पाटी जिन्याखाली ठेवून वर आली,
रुमालाच्या गाठीत या महिन्याचं व्याज.
मी वही उलटली. म्हटलं, बाय, तुझं फिटलंय.
कोणी फेडलं?
नाव सांगू नका म्हणालेत.
मुद्दल?
मुद्दलही. व्याज, दंड, पावतीचे दहा रुपयेसुद्धा.
आधी ती रागावलीच.
थट्टा नको, पात्रांव, खाली पाटी उघडी आहे माझी.
मग हळूच, सही कुठं करू?
साखळी मिळाल्याची एक, इथं.
फेडल्याची सही ज्यानं फेडलं त्यानं केली आहे.

साखळी तिनं गळ्यात घातली नाही.
मुठीत धरली
आणि काउंटरसमोर उभी राहून गायला लागली,
मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढं म्हणतात तसलं काही,
अर्धं कोंकणी, अर्धं तिलाही न कळणाऱ्या लातिनीतलं.
बाजारात ओरडून फाटलेला आवाज,
वरच्या सुराला पोचलाच नाही,
ती तशीच पुढं गेली.
मॅनेजर चष्म्यावरून बघत राहिले.
शिपाई शाणू वेळीप उठला,
मला वाटलं, तिला गप्प करायला.
त्यानं पंखा बंद केला.
फार खडखडतो तो.

मी चाळीस वर्षं सुरात गातो.
एक कडवं चुकत नाही.
आणि आज कळतंय, मी हप्ते भरत होतो,
दर रविवारी थोडे थोडे, पावतीच्या आशेनं,
जणू खातं अजून उघडंच आहे,
जणू एका शुक्रवारी, भर दुपारी,
कोणी सगळं चुकतं करून
भोक पडलेल्या हातानं सही करून गेलंच नाही.

संध्याकाळी वहीत लिहिलं:
तारण परत. येणे बाकी काही नाही.
कुशावतीच्या पुलाजवळ बसची वाट बघताना
ओठांवर काहीतरी आलं.
दुसरी ओळ आठवेना.
पहिलीच पुन्हा म्हटली, मोठ्यानं.
शेजारचा कॉलेजातला मुलगा
जरा सरकून उभा राहिला.