थर्मोस्टॅट

सेलिमच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
काटा पुन्हा लाल पट्ट्यात.
भर जुलैत हीटर सोडून
वार्तगेस घामाघूम घरी आला.

गाडी निवेस्तोवर झाकणाला हात लावायचा नाही,
हे मनगटावरच्या डागाने शिकवलंय त्याला.
तेल दुधाळलेलं नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत.
पट्टा ताठ. पंखा फिरतोय.
वरचा होज चटका देतो,
खालचा गारढोण.

मग माझ्याच कॉफीच्या भांड्यात
त्याने थर्मोस्टॅट उकळायला टाकला.
पाणी खदखदलं.
पितळी झडप ढिम्म हलेना.

"हाच तो," म्हणाला, जवळजवळ कौतुकाने.
"तिकडे इंजिन भाजून निघतंय
आणि हा दार लावून बसलाय."

मी भांडं घासायला घेतलं.
शुशानशी तो एप्रिलपासून बोललेला नाही.