सात नंबरची खोली

रिसॉर्ट म्हणायचं म्हणून रिसॉर्ट.
जॉर्जियाच्या उत्तरेला, राचा नावाच्या मुलखात,
डोंगरउतारावर पाय सोडून बसलेल्या नऊ खोल्या.
त्यातल्या दोन कायमच्या कुलपात,
जनरेटर आजारी,
पाहुणा मी एकटा.
बस आठवड्यातून दोनदा येते,
तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर.

पहिल्या रात्री शांततेनंच जाग आली.
उठून नळ पाहिला, दिव्याचं बटण पाहिलं.
काहीतरी बंद पडलंय,
असंच वाटत राहिलं पहाटेपर्यंत.

नाझिब्रोला सकाळी येते.
समोरचा उतार उतरून, लाकडी पूल ओलांडून,
पुन्हा हा चढ.
दीड तास. रबरी बूट. खिशात अक्रोड.
माझी चादर ती रोज बदलते,
नको नको म्हटलं तरी,
आणि धुऊन दोरीवर घालते,
एकाच चादरीला सातही चिमटे लावून,
जणू वारा तिच्या ओळखीतला चोर आहे.

झऱ्याच्या पाण्याला लोखंडाची चव,
जिभेवर खिळा ठेवावा तशी.
पोटाला चांगलं, ती खुणेनं सांगते.
मग घेवड्याचं सारण भरलेली रोटी पुढ्यात ठेवते.
मी पुरणपोळी समजून तोडतो
आणि दरवेळी खारट फसतो.
तीही पोटाला चांगली.
तिच्या मते सगळंच पोटाला चांगलं,
फक्त एकट्यानं जेवणं सोडून.

आमच्यात भाषा अशी नाही.
बोटं आहेत, भुवया आहेत,
आणि ओतिया आहे, मोडक्या इंग्रजीसकट.
मॅनेजर तोच, स्वयंपाकी तोच,
जनरेटरला शिव्या घालणाराही तोच.

पाचव्या दिवशी, ऑक्टोबर संपायच्या आतच, बर्फ.
दुपारपर्यंत पायवाट गेली,
मग पूल गेला, मग नदीचा आवाजसुद्धा.
बूट घालून तयार असलेल्या नाझिब्रोलाला
ओतियानं दारातच मान हलवून सांगितलं: आज नाही.
आणि फळीवरून किल्ली काढून दिली.
सात नंबर. सज्जावाली. सगळ्यात महाग.
अकरा वर्षं तिनं त्या खोलीतली गादी झाडली होती.
किल्ली तिनं पदर धरावा तशी
दोन्ही हातांत धरली.

रात्री माझं दार वाजलं.
ती. अंगावर खोलीतलंच ब्लँकेट.
काही न बोलता माझी बाही धरून
तिनं मला सज्जात नेऊन उभं केलं.

बर्फ थांबला होता.
समोर, त्या सगळ्या काळोखात,
पिवळा एक ठिपका.

तिनं आधी त्याच्याकडे बोट केलं, मग छातीकडे.
मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून
त्या फटीत तो ठिपका धरला,
आणि माझ्याकडे पाहिलं:
एवढंसं?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं.
दिवसा इथून तिनं आपलं घर हजारदा पाहिलं असेल.
दिवा लागलेलं कधीच नाही.
दिवा लागतो तेव्हा ती त्या घरात असते.

आम्ही उभे राहिलो.
माझे पाय बधिर झाले, पण मी काही हललो नाही.
मग ठिपका विझला.
तिनं ओठ मिटले, एक श्वासभर थांबली.
पुन्हा लागला.
तशी ती हसली, आवाज न करता, खांद्यांनी,
आणि पेला तोंडाला लावल्याची खूण केली:
नवरा. पाण्याचा तांब्या सापडत नाही त्याला.
दिवा बराच वेळ चालू होता.
तो आत काय काय उघडून बघतोय
हे ती इथून बघत होती.

सकाळी ऊन पडलं.
सात नंबरची गादी कुणी झोपलंच नव्हतं
इतकी सपाट,
आणि दोरीवर दोन चादरी, गोठून फळीसारख्या ताठ.
चिमटे सातच.
चार तिच्या चादरीला,
तीन माझ्या.