पांघरूण पाहून

साकावेंच्या उतारावर, लिस्बनच्या धावपट्टीमागे
आमची लाँड्री. चौदा यंत्रं, एक गळका बॉयलर,
आणि हिशेबाच्या खिडकीत मी, झुल्मिरा.
बिलं लिहिते, स्मरणपत्रं लिहिते,
मग स्मरणपत्रांची स्मरणपत्रं.

मासिकं विमान कंपन्यांना तारे वाटतात.
बँकांची माणसं अक्षरं वाटतात,
अधिक-उण्याची शेपटी लावून.
आमच्याकडे येतात फक्त पांघरुणं,
रात्रभर कुणाच्या तरी गुडघ्यांवर बसून आलेली.
कॉफी, उलटी, कधी एखादं कानातलं.

सोनेरी बगळावाल्यांची लोकर अशी
की जामिला घडी घालताना गालाला लावून बघते.
काठाला रेशमी दोरा, चारही कोपऱ्यांत बगळा.
पैसे नव्वद दिवसांनी. मग एकशे वीस.
मग फोनवर एक गोड आवाज,
आणि थांबवून ठेवल्यावर वाजणारं व्हायोलिन.
व्हायोलिन उत्तम होतं, हे कबूल.

राखाडीवाल्यांची पांघरुणं विरलेली,
दिव्यासमोर धरली तर पलीकडची जामिला दिसते.
फाटलं की रफू. रफूवर रफू.
अजून पाच धुण्यांना टिकेल का, असं लेखी विचारतात.
दर महिन्याच्या सात तारखेला,
सातला सुट्टी असली तर सहाला,
पैसे जमा.

जाणते म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
आम्ही उलटं शिकलो:
पांघरूण पाहून
कुणाचे पाय उघडे पडलेत ते ओळखायला.
धागा आधी बोलतो, ताळेबंद मागाहून.
फेब्रुवारीत बगळ्याचा रेशमी दोरा गेला,
एप्रिलमध्ये चारांतले तीन बगळे उडाले,
जूनमध्ये लोकरीत प्लास्टिक शिरलं.
त्याच जूनमध्ये कुठल्याशा शहरात
सर्वोत्कृष्ट सेवेसाठी त्यांना काचेचं पारितोषिक मिळालं.

माझ्या लेकीनं, दाल्वानं, त्याच आठवड्यात विचारलं,
आई, नाताळला रेसिफेहून येते.
बगळा दीडशे युरोनं स्वस्त पडतोय. काढू?
मी म्हणाले, राखाडी.
त्यांची सीट मागे जात नाही, जेवण म्हणजे रबर.
मी म्हणाले, राखाडी.
कारण सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाची मळकी चादर चारचौघांत उघडायची नसते,
हा धंद्याचा पहिला नियम.

खालच्या मजल्यावरच्या इदालिनानं
जिन्यात मला बगळ्याचं तिकीट दाखवलं.
नातू बघायला निघाली होती, पहिल्यांदाच.
कागद घडी पडू नये म्हणून मिसलच्या पुस्तकात ठेवलेला.
छान, मी म्हणाले. खिडकीजवळची जागा माग.
नियम तिलाही लागू होता.
निदान त्या दिवशी मला तसं वाटलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
बगळा उतरला, परत उडाला नाही.
आमच्याकडे धुतलेली, बांधलेली
चार हजार दोनशे पांघरुणं. न्यायला कुणी नाही.
मालकानं पगाराच्या जागी प्रत्येकी वीस दिली.
इदालिनाच्या दाराशी मी सहा ठेवली.
तिनं विचारलं नाही. मीही बोलले नाही.

जानेवारीत तिच्या बाल्कनीतल्या दोरीवर
एक पांघरूण वाऱ्यानं फडफडत होतं.
कोपऱ्यातली चिठ्ठी कापायची राहून गेलेली,
मला माझ्या खिडकीतून वाचता येत होती:
विमानाबाहेर नेऊ नये.