लोकरवाली बाई

रात्रशाळेतून आणलेल्या पुस्तकात
झालरीच्या टोपीतली एक म्हातारी होती,
गुलामांनी वेचलेल्या कापसाचा
धागासुद्धा अंगाला न लावणारी.
मी मोठ्याने वाचलं.
आईची कात्री तेंदूच्या पानात थांबली.
"मग नेसायची काय?"
लोकर, म्हटलं.
"सोलापुरात असती तर उकडून मेली असती!"
यल्लक्काही हसली.
भिंतीपलीकडे लूम खडखडत होता,
टॉवेलामागून टॉवेल.

"आणि साखर?"
तीही नाही. तीही गुलामांच्याच हातची.
मग कुणी हसलं नाही.

तिचं नाव काही आईच्या जिभेवर बसेना.

महिन्याभराने कारखान्यात
चेकरने दीडशे विड्या छाट म्हणून बाजूला सारल्या
आणि ठेवून घेतल्या, नेहमीसारख्या.
आई सूप मांडीवर घेऊन तिथेच बसली.
ओरडली नाही. उठली नाही.
दुपारपर्यंत एकोणीस जणी
तशाच.

पुस्तक वाळवीने खाल्लं.
आई जाऊनही बारा वर्षं झाली.
पण घरकुलात अजून
एखादी पोर हिशेबासाठी अडून,
गप्प, उंबऱ्यावर बसून राहिली
की म्हाताऱ्या म्हणतात,
"लोकरवालीची दिसते ही."
कोण लोकरवाली, विचारलं
तर दातांनी दोरा तोडतात
आणि पुढचं बंडल घेतात.