पास एक

मिरजेत उतरलो की आधी हात धुतो.
स्टँडाबाहेरच्या नळावर एकदा,
दवाखान्याच्या दारात एकदा,
आणि तिसऱ्या मजल्यावर, वॉर्डाच्या बेसिनला पुन्हा.
साबण पांढरा, फेस पिवळा.
बावीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलतोय,
नखांच्या कडेला ती राहतेच.
पहिल्या दिवशी सिस्टर हात बघून म्हणाली,
मामा, कावीळ झालीय का तुम्हाला?
आत पद्मलअक्का हसली.
आठ दिवसांत पहिल्यांदाच, नेमू म्हणाला.

औषध चढवल्यापासून तिचं रक्त दमलंय.
पांढऱ्या पेशी कमी आहेत, डॉक्टर सांगत होते.
मी माझ्या भाषेत समजून घेतलं:
गोदामाला सध्या राखणदार नाही,
कुणाच्याही पाठीवरून काहीही आत येईल.
म्हणून चप्पल बाहेर. मास्क नाकाच्या वर.
बायकोनं दिलेला गजरा वॉचमनच्या टेबलावर,
दिवसभर त्याच्या रजिस्टराला वास येतो.
अक्काच्या गादीवर बसायचं नाही.
स्टूल आहे, एक पाय लंगडा,
त्यावर जपून बसायचं.

गेल्या रविवारी आरगेहून टेम्पो आला.
अकरा माणसं, दोन तान्ही पोरं,
पोळ्यांचा डबा. पास एक.
बापूसो वॉचमनशी भांडला,
"सख्खी चुलतबहीण हाय माझी, परका हाय व्हय मी?"
आणि भांडता भांडता दोनदा शिंकला.
त्याला खांद्याला धरून कँटीनला नेलं,
सगळ्यांना चहा पाजला, पोळ्या तिथंच संपवल्या.
तोवर काकी पास घेऊन वर गेलीच होती.
"कशी हुतीस गं, आन् कशी झालीस!"
एवढं एकच वाक्य ठेवून खाली आली.
सिस्टरनं चादर बदलली, फरशी पुसली,
ते वाक्य दोन दिवस उशाला पडून होतं.

मी काय बोलतो?
भाव सांगतो.
राजापुरी जरा चढली, सेलम बसली,
कुणाचं पोतं आतून ओलं निघालं,
त्यावर अडत्यानं कसं तोंड केलं.
ती विचारते, मग कापलं का वजन?
कापलं, म्हणतो.
बरं झालं, म्हणते, आणि डोळे मिटते.
मग मी गप्प.
काटा थरथरत असताना आकडा ओरडायचा नसतो,
यार्डात पहिल्याच महिन्यात शिकलो होतो.
इथं त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.
पलीकडच्या कॉटवरच्या बाईचा पडदा ओढलेला असला
की मी भिंतीकडे बघतो. फोन खिशात मुका.
अर्ध्या तासानं उठतो.
अजून बस म्हणाली तर पाच मिनिटं,
आणि बस म्हणताना जांभई आली, तर नाही.

बुधवारी घसा खवखवला.
हळदीची धूळ असेल, म्हटलं,
विश्रामबागेपर्यंत स्वतःला तेच पटवत होतो.
तिथं बसमध्ये खोकलो,
शेजारच्या मुलीनं दप्तर उचलून दुसरीकडे धरलं.
तिनं ठरवलं माझं.

मऊ भाताचा डबा नेमूला कट्ट्यावर ठेवून दिला,
चार पावलं मागं सरलो,
आणि लिंबाखाली उभा राहून फोन लावला.
अक्का, खिडकीशी येववेल का?
बराच वेळ काही नाही.
सलाईनच्या स्टँडाची चाकं कुरकुरलेली
फोनमधून ऐकू आली.
मग तिसऱ्या मजल्यावर
रुमाल बांधलेलं डोकं, एवढंसं.
मी दोन्ही हात वर केले.

"हात धुतलेस का रे?"
धुतले.
"घसा बसलाय तुझा."
जरासा.
"वर येऊ नकोस."
नाही येत.
चाकं पुन्हा कुरकुरली, मला वाटलं गेली.
"लगीच जाऊ पण नको," ती म्हणाली.

सांगलीची एक बस गेली.
दुसरी गेली.
दोघंही फोन कानाला लावून,
कुणीच काही बोलत नव्हतं.